धोतराचा सोगा आणि चाळिशीची काच

यवतमाळच्या एका जिनात उभी हयात मुनिमीत घालविलेले आमचे काका दिवसातून किमान दहा वेळा जी एक क्रिया देवपूजेच्या तन्मयतेने करीत, ती माझ्या बालपणच्या स्मृतीत इतकी ठसठशीत उमटलेली आहे की आजही कोणी काचेवर तोंडाची वाफ सोडली म्हणजे मला सरकीचा वास आल्यासारखे वाटते. दिवाळी उलटून हंगाम ऐन भरात आलेला असे, कापसाच्या गाड्यांची रांग जिनाच्या फाटकापासून पार सडकेपर्यंत लागलेली असे, आणि काका गादीवर मांडी ठोकून नाकावरची चाळिशी उतरवीत, तिच्यावर ‘हाऽ’ असा दीर्घ निःश्वास सोडीत, धोतराचा सोगा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून प्रत्येक काच दोन्ही अंगांनी चोळीत, एक डोळा मिटून ती खिडकीच्या उजेडाकडे धरीत, आणि समाधान झाले म्हणजेच पुढची वजनाची चिठ्ठी हातात घेऊन खतावणीत आकडा उतरवीत. गाडीवान तोवर तिष्ठत उभा असे. काकांच्या चाळिशीला घाई मंजूर नव्हती.

ही क्रिया माझ्याकडे वारशाने आली. धोतर गेले, त्याच्या जागी सदऱ्याचे टोक आले, पुढे खिशातला रुमाल आला. पण वाफ तीच, चिमूट तीच आणि एक डोळा मिटून उजेडाकडे पाहण्याची ऐटही तीच. म्हणूनच, दोन वर्षांमागे हौसेने करविलेला माझा चष्मा आठ महिन्यांतच धुकट दिसू लागला, समोरून येणाऱ्या मोटारीच्या दिव्याभोवती खळे पडू लागले, आणि सायंकाळी वर्तमानपत्राचा मजकूर जणू दुधातून वाचावा तसा भासू लागला, तेव्हा माझा पहिला संशय गेला तो स्वतःच्या डोळ्यांवर. साठी उलटलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी मोतीबिंदूखेरीज दुसरे काय येणार? डॉक्टरांनी डोळे तपासले, नंबर तपासला, आणि दोन्हींत काहीही फेरफार नसल्याचा निर्वाळा देऊन चष्मा माझ्या हातात परत ठेवला. “हा एकदा उजेडात धरून पाहा,” एवढेच ते म्हणाले.

दत्त चौकाच्या आसपासच्या चष्म्याच्या दुकानांपैकी एका जुन्या दुकानात मग या चष्म्याचा रीतसर पंचनामा झाला. दुकानदार वयाने माझ्याहून लहान, पण काचांच्या बाबतीत त्याची नजर एखाद्या जुन्या फौजदाराची. त्याने चष्मा दांड्यांनी धरून दिव्याखाली तिरका केला, आणि त्या काचेत, ज्यांचे अस्तित्व मला आठ महिन्यांत एकदाही जाणवले नव्हते अशा शेकडो बारीक रेघा, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या वर्तुळाकार चमकू लागल्या.

“भाऊ, नंबर नाई वाढला तुमचा. काच म्हातारी झाली,” तो म्हणाला. “काहून कोरडीच पुसता बाप्पा? चष्मा वापरून खराब होत नाई, पुसून खराब होते.”

त्या वर्तुळांवरून त्याने आणखी एक निष्कर्ष काढला, तो असा की मी काच गोल गोल चोळीत असलो पाहिजे. सरळ पुसली असती तर रेघाही सरळ पडल्या असत्या. कबुलीजबाब देण्याच्या बेतात मी होतोच. पण घरी येऊन मी तीच काच दिव्याखाली निरनिराळ्या अंगांनी फिरवून पाहिली, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली: काच जिकडे सरकवावी तिकडे त्या वर्तुळांचे केंद्र काचेबरोबर न जाता दिव्याच्या प्रतिबिंबालाच चिकटून राहत होते. नित्य घासलेले स्टीलचे ताट दिव्याखाली धरले असताही हेच दिसते. रेघा वास्तविक सर्व दिशांनी वेड्यावाकड्या पडलेल्या असतात. परंतु त्यांपैकी ज्या प्रतिबिंबाच्या दिशेला आडव्या येतात, तेवढ्याच आपल्या डोळ्याकडे उजेड फेकतात, बाकीच्या मूग गिळून बसतात, आणि या आडव्या रेघांची मिळून वर्तुळे भासतात. म्हणजे ती गोलाई माझ्या हाताची नव्हती, प्रकाशाची होती. ‘गोल पुसू नका, सरळ पुसा’ हा जो उपदेश चष्मेवाल्यांकडून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, त्याची मातब्बरी यामुळे माझ्यापुरती पुष्कळ कमी झाली. गुन्हा दिशेचा नव्हे; कोरडेपणाचा.

येथे काकांच्या पुण्याईचा खुलासा करणे भाग आहे. त्यांनीही जन्मभर कोरडेच पुसले. मग त्यांची चाळिशी वर्षानुवर्षे टिकली कशी? उत्तर असे की त्यांची काच खरोखरीच काच होती. मोह्स नावाच्या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली पदार्थांच्या काठिण्याची जी उतरंड लावली, तीत शंखजिऱ्याला १ आणि हिऱ्याला १० हे स्थान आहे. साध्या काचेचे काठिण्य त्या मापाने साडेपाचाच्या जवळपास येते. माझ्या नाकावर जे आहे त्याला आपण सवयीने काच म्हणतो इतकेच. वस्तुतः ते प्लास्टिक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ‘कोलंबिया रेझिन’ या नावाच्या द्रव्यांची मालिका तयार झाली, तिच्यातील ३९व्या क्रमांकाचे द्रव्य प्रथम बाँबफेकी विमानांच्या कामी आले आणि युद्ध संपल्यावर चष्म्याकडे वळले. ‘सीआर ३९’ हे जे अक्षरांकित नाव दुकानदाराच्या तोंडी असते ते याचेच. वजनाने हे काचेच्या जवळजवळ निम्मे, आणि जमिनीवर पडले तर काचेसारखे ठिकऱ्या होत नाही. पॉलिकार्बोनेट नावाचे दुसरे भिंग तर याहूनही चिवट. परंतु चिवटपणा निराळा आणि काठिण्य निराळे: जे फुटत नाही ते ओरखडतही नाही, असा जो आपला समज, तोच येथे घात करतो. पॉलिकार्बोनेट तर इतके मऊ की कठीण मुलाम्यावाचून ते बाजारात आणताच येत नाही. हा मुलामा म्हणजे ‘हार्ड कोट’ फार तर काही मायक्रॉन जाडीचा, आणि त्याच्यावर प्रतिबिंब मारणारे जे थर चढवितात, ज्यांच्यामुळे काचेवर हिरवट-जांभळी झाक दिसते, त्यांची सगळ्यांची मिळून जाडी एका मायक्रॉनच्या निम्म्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला, तर आपण रुमालाने रोज कशावर कुस्ती खेळतो याचा अंदाज यावा. माझे हात काकांच्या काचेच्या काळातले, आणि भिंग मात्र नव्या काळातले. त्या दोहोंच्या बेबनावाचे दस्तऐवज म्हणजे त्या रेघा.

आता धुळीचा विचार. आमचा जिल्हा बहुतांशी कपाशीच्या काळ्या जमिनीचा. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि वैशाखातल्या वावटळी तिचे पीठ करून घराघरांत पोहोचवितात. नुसती ही काळी माती असती तर फारसे बिघडले नसते, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण मऊ, शंखजिऱ्याच्या जातकुळीतले. पण ही माती ज्या काळ्या पाषाणापासून झाली, त्याच्या पोकळ्यांतून गारगोटी आणि अकीक यांचे खडे सापडतात हे नदीकाठी खेळलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. गारगोटीचे काठिण्य ७. तिचा डोळ्याला न दिसणारा कण प्लास्टिकलाच काय, काकांच्या काचेलाही भारी. दक्षिण-पूर्वेला वणीच्या अंगाला गेले की भूमीचे स्वरूप पालटते, तेथे वालुकाश्मात कोळशाचे थर आहेत. वालुकाश्म म्हणजे गारेच्याच कणांचा गठ्ठा, आणि खाणीवरून येणाऱ्या ट्रकांच्या मागे जी धूळ उठते तिच्यात कोळशाबरोबर तोही दळून आलेला असतो. (१९०५ पूर्वी हा जिल्हा वणीच्याच नावाने ओळखला जाई, हे वणीकर अजून विसरलेले नाहीत.) आणि काकांच्या काळी भर होती ती मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या शकुंतला गाडीची, १९९४पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते, आणि तिच्या खिडकीशी बसून आलेल्या माणसाची चाळिशी दारव्ह्यापर्यंतच राखेने भरून जाई.

असा कण काचेवर बसलेला असताना आपण त्याच्यावर फडके दाबून फिरवितो, तेव्हा फडके काच पुसत नाही. फडक्याच्या आडून तो कण काच घासतो. फडके मऊ की खरखरीत हा प्रश्न येथे दुय्यम आहे. मलमलीच्या हातात दिला तरी कानशीचा दाता कानशीचाच. तोंडाच्या वाफेने काचेवर जो ओलावा येतो तो इतका तुटपुंजा की त्याने कण चिकटतो, वाहून जात नाही.

कापसाच्या गावात फडक्याची वाण असू नये, असे कोणासही वाटेल, आणि मलाही वाटले. म्हणून एका शेतकरी मित्राकडून आणलेल्या कापसाची सरकी काढून, ती दुधासारखी शुभ्र रुई मी मोठ्या विश्वासाने काचेवर फिरविली. काच स्वच्छ होण्याऐवजी तीवर तेलकट पडदा चढला. याचे कारण पाहायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे: एका वाटीत पाणी घेऊन तीत शेतातल्या रुईचा बोळा आणि दवाखान्यातल्या कापसाचा बोळा एकाच वेळी सोडावा. दवाखान्याचा कापूस पाहता पाहता भिजून तळाशी जातो. शेतातला बराच वेळ पाण्यावर बदकासारखा तरंगत राहतो. निसर्गाने कपाशीच्या तंतूवर मेणाचे अत्यंत पातळ कवच चढविलेले असते, वजनाने शंभरात एक भागही नाही, परंतु पाण्याला दारात अडवून ठेवायला तेवढे पुरते. हे मेण दाहक सोड्यात कापूस उकळून काढावे लागते. जुन्या धोतराची थोरवी येथे कळते: गिरणीत मेण गेलेले, पुढे शेकडो धुण्यांनी तंतू नरम पडलेले, पाणी झटकन टिपून घेणारे ते वस्त्र ओली काच कोरडी करायला उत्तमच. काकांची निवड चुकीची नव्हती; क्रम चुकला. आणि खळ घातलेला सोगा असेल तर निवडही चुकली, कारण खळ काचेवर ओघळांची नक्षी काढते. दुकानात चष्म्याबरोबर जे चौकोनी फडके मिळते ते पॉलिएस्टर आणि नायलॉनच्या इतक्या सूक्ष्म धाग्यांचे असते की त्यातला ९ किलोमीटर लांबीचा एक धागा वजनात एक ग्रॅमही भरत नाही. तेल टिपण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. परंतु लोक हे फडके वर्षभर न धुता खिशात नाण्यांबरोबर बाळगतात आणि त्यातच साठलेल्या धुळीने काच घासतात. ते साध्या साबणाने धुवावे, कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य त्याला लावू नये, आणि इस्त्रीच्या वाटेला तर जाऊच देऊ नये.

तात्पर्य, आधी पाणी, मग फडके. पाण्याशी या वस्तूचे नाते तिच्या नावातही आहे. ‘चष्मा’ हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. ‘चश्म’ म्हणजे डोळा, आणि त्याच भाषेत ‘चश्मा’ म्हणजे पाण्याचा झरा. चाळिशी हा शब्द मात्र अस्सल आपला, वयावरून वस्तूचे नाव पाडणारा, आणि किंचित कुत्सित. या वस्तूचा हिंदुस्थानातील इतिहास ज्यांनी नेटाने शोधला ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे. मेंदीपासून तंबाखूपर्यंत कोणत्याही ऐहिक वस्तूची कुळकथा संस्कृत पोथ्यांतून उकरून काढण्याचा या व्यासंगी पुरुषाला छंद होता, आणि विजयनगरच्या व्यासराय स्वामींच्या, सोमनाथ कवीने लिहिलेल्या चरित्रात स्वामी चष्मा लावून पोथी वाचीत असल्याचा जो उल्लेख आहे, तो त्यांनी आपल्या लेखात नोंदविला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली ही गोष्ट. स्वामींची काच कोण आणि कशाने पुसत असे, हे कवीने सांगितले असते तर माझे काम पुष्कळ हलके झाले असते.

पाण्याची गोष्ट यवतमाळात सांगताना जीभ जरा अडखळते. २०१८च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली, तेव्हा शहरात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणारी माणसे ज्याने पाहिली, त्याला ‘चष्मा वाहत्या नळाखाली धरा’ हा छापील सल्ला देताना लाज वाटावी. वाहता नळ लागतही नाही. एक वाटी पाणी पुरते, आणि ते मी दुकानदाराच्या मोरीवर उभा राहून पाहिले. त्याने प्रथम डाव्या हाताने चष्मा नाकाच्या दांडीशी धरला, काडी धरून लोंबकळत ठेवला नाही. अर्ध्या वाटीची धार दोन्ही काचांवरून हळूच सोडली आणि धूळ आपल्या पायांनी जाऊ दिली. मग भांडी घासण्याच्या पातळ साबणाचा, मोहरीएवढा, थेंब बोटाच्या पेरावर घेऊन काचेच्या दोन्ही बाजू, कडेची खाच, नाकावरच्या गाद्या आणि कानामागे जाणाऱ्या काड्यांची टोके इतक्या हलक्या हाताने चोळली की जणू तान्ह्या मुलाचे कान धुतो आहे. काचेला बोटासारखे हत्यार नाही, कारण मधे कण आला तर बोटाला कळतो, फडक्याला कळत नाही. उरलेल्या पाण्याने साबण उतरवून त्याने चष्मा दोनदा झटकला, आणि थेंब सुकण्याच्या आत धुतलेल्या जुन्या सुती तुकड्याने टिपून घेतला. घासला नाही, टिपला. या घाईचे कारण आमच्या बोअरचे जड पाणी: थेंब काचेवर आपोआप सुकू दिला तर पाणी उडून जाते आणि क्षाराचे पांढरे कडे मागे राहते, जे मग माणूस नखाने खरवडतो. शेवटची धार पिण्याच्या पाण्याची घेतली तर ही कटकटही उरत नाही. पाणी कोमट चालेल, कढत नको.

कढत का नको, याचे उत्तर आमच्या मे महिन्यात आहे. पारा ४५ अंशांना टेकलेला असताना मोटार उन्हात उभी करून चष्मा काचेमागच्या फळीवर ठेवून गेलेला गृहस्थ परत येईतो आतली उष्णता ६० अंशांच्या पुढे सरकलेली असते. प्लास्टिकचे भिंग तापून फुगते, त्याच्यावरचे पातळ थर तेवढे फुगू शकत नाहीत, आणि कोरड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीसारख्या त्यांना बारीक तडा जातात. हा ओरखडा नव्हे आणि याला औषध नाही. खरे तर प्लास्टिकवरच्या ओरखड्यालाही नाही. दंतमंजन चोळून रेघा जातात ही वदंता मी तीन निरनिराळ्या शहाण्यांकडून ऐकली. दंतमंजनात दात घासण्यासाठी जी खडूची किंवा वाळूच्या जातीची भुकटी असते, ती राहिलेला मुलामाही खरवडून काढते आणि रेघेच्या जागी सबंध काचच अंध करते. आरसे पुसण्याची अमोनियाची द्रव्ये, नखांचा रंग उतरविण्याचा ॲसिटोन यांनाही काचेपासून दूर ठेवावे. नाकाच्या गाद्यांशी जो हिरवा मळ जमतो तो मात्र भीतिदायक दिसला तरी साधा आहे: चौकटीच्या धातूत तांबे असते, घामाने त्याला जंगाल चढतो, मऊ ब्रशने आणि साबणाने तो निघतो, आणि गाद्या फारच पिवळ्या पडल्या असतील तर थोडक्या पैशांत बदलूनही मिळतात.

कळंबच्या रस्त्याने जाताना कार्तिकात एका शेतात वेचणी चालली होती. वेचणाऱ्या बायांत एक आजीबाई होत्या. चष्म्याला काळा दोरा बांधून तो मानेमागे अडकविलेला. बोंडातला कापूस बोटांना टोचणाऱ्या कवचातून काडीकचरा न येता ओढून काढणे हे काम वाटते तितके आंधळे नाही. आसामातल्या चहाच्या मळ्यांतला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला आठवला: चाळिशीपलीकडच्या ७५१ मजुरांपैकी ज्यांना जवळचे पाहण्याचा चष्मा दिला, त्यांची पानखुडणी न दिलेल्यांच्या तुलनेने २१ टक्क्यांहून अधिक वाढली. आजीबाईंना मी विचारले, चष्मा कशाने पुसता? त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या रुमालाकडे आळीपाळीने पाहिले.

“मी त धुतो बाप्पा,” त्या म्हणाल्या. “पुसाले फुरसत कोठी हाय? बाटलीतलं पानी सोडलं का झालं.”

त्याच रानात फवारणीचा हंगाम आला म्हणजे चष्म्याचा प्रश्न निगेचा राहत नाही. २०१७च्या खरिपात कपाशी माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली असताना औषधाचा फवारा अंगावर येऊन या जिल्ह्यातील अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण येथील वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि इतरत्र दाखल झाले, आणि शासनाला चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. तेव्हापासून मुखपट्टी, हातमोजे आणि डोळ्यांना घट्ट बसणारा गॉगल यांची तजवीज करण्याविषयी सूचना निघतात. तो गॉगल मजूर का काढून ठेवतो, हे शेताच्या बांधावर अर्धा तास उभे राहिले तरी कळते: दमट उकाड्यात त्याच्या आत वाफ धरते आणि समोरचे झाड दिसेनासे होते. साबणाच्या पाण्याने आतली बाजू धुऊन ती न पुसता वाळू दिली, तर साबणाचा अदृश्य पापुद्रा मागे राहतो, वाफेचे थेंब न होता सपाट पडदा होतो, आणि काही वेळ तरी दिसत राहते. आणि नंबराचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. त्याच्यावर उडालेले औषध सदऱ्याने पुसले, तर ते काचेवरून सदऱ्यावर आणि सदऱ्यावरून तोंडावर जाते. तो आधी भरपूर पाण्याने धुवायचा.

हा लेख लिहिताना काकूंकडून काकांची चाळिशी मागून आणली. तिचे घर पत्र्याचे, आतून मखमलीचे. मखमल एका अंगाला टक्कल पडल्यासारखी झिजलेली. आत पिवळ्या चामड्याचा एक तुकडा होता, चष्मेवाल्याने त्या काळी दिलेला असावा. काकांनी तो कधी वापरला नव्हता आणि आता तो वाळून पापडासारखा कडक झाला होता. चौकटीच्या सांध्यांत जंगाल, एका काडीचा स्क्रू जाऊन तेथे तांब्याच्या तारेचा पीळ. काचा जड, आणि वरवर पाहता निर्मळ. मी चाळिशी वाटीभर पाण्याने धुतली, टिपली, आणि दिव्याखाली तिरकी धरली. प्रतिबिंबाभोवती वर्तुळे होती; माझ्या चष्म्याइतकी दाट नव्हेत, पण होती. काकूंनी विचारले, “काय दिसते रे?” मी चाळिशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने तिच्यावर ‘हाऽ’ केले आणि पदर उचलला.